मेयरहोल्डनं नटाची बाहुली केली का?

तिसरी घंटा:
रशियन दिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्डचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: दिग्दर्शक मोठा, पण नटाला बाहुली समजायचा. मला हा अन्याय वाटतो. तो आधी स्वतः नट होता. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरच्या पहिल्याच हंगामात चेखवच्या 'सीगल'मधला त्रेप्लेव त्यानंच केला. आणि त्यानं १९२२ साली बसवलेलं, बेल्जियन नाटककार क्रोमेलिंकचं प्रहसन आठवा. ल्युबोव पोपोवानं रंगमंचावर शिड्या, उतरंडी आणि फिरती चाकं यांचा उघडा सांगाडा उभा केला. भिंती नाहीत, भरजरी पोशाख नाहीत, सगळ्यांच्या अंगात कामगारांचे निळे कपडे. लपायला जागाच नाही! तिथे नटाला फक्त स्वतःचं शरीर तारतं, म्हणून तर बायोमेकॅनिक्सची, म्हणजे नटाचं शरीर घडवणाऱ्या त्याच्या व्यायामांची, ती कसरत. इगोर इल्यिन्स्कीसारखा नट त्याच तालमीत चमकला.

विंगेतून:
हा आरोप समीक्षकांचा नाही, एका नटीचा आहे. कोमिसार्झेव्स्कायानं त्याला आपल्या थिएटरात मानानं बोलावलं आणि १९०७ साली भर हंगामात काढून टाकलं. कारण हेच दिलं, की या वाटेनं आपण बाहुल्यांच्या खेळाकडे चाललोय. १९२६ साली त्यानं बसवलेला गोगोलचा 'रेव्हिझर' (सरकारी तपासनीस) बघा. पात्रांची सगळी गर्दी त्यानं एका छोट्या सरकत्या चौथऱ्यावर दाटीनं कोंबली आणि शेवटच्या मूक दृश्यात नटांच्या जागी चक्क माणसाएवढे पुतळे उभे केले. आणखी कसला पुरावा हवा?

तिसरी घंटा:
तो शेवट मला अख्ख्या नाटकाचा कळस वाटतो. गोगोलनंच लिहून ठेवलंय की सगळी मंडळी जवळजवळ दीड मिनिट दगडासारखी उभी राहावीत. जिवंत माणूस तेवढ्या वेळात श्वास घेतो, पापणी लवते. भीतीनं माणसाचा पुतळा होतो हे दाखवायचं, तर पुतळाच हवा. नटांनी आधीचा सगळा वेळ जीव ओतला म्हणून तो पुतळा अंगावर येतो.

प्रॉम्प्टर:
पुतळे राहू द्या, मारिया बाबानोव्हाचं बोला. त्याच १९२२ च्या नाटकातल्या स्टेलानं तिचं नाव झालं, प्रेक्षक तिच्यावर जीव टाकायचे. पण मोठ्या भूमिका झिनाइदा राइखकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे जात राहिल्या आणि १९२७ साली बाबानोव्हा बाहेर पडली. नटाला किंमत देणारा दिग्दर्शक एवढी गुणी नटी अशी जाऊ देतो?

तिसरी घंटा:
बाबानोव्हाच्या बाबतीत तो चुकला, मान्य. पण तो दोष नवऱ्याचा, त्याच्या नाट्यविचाराचा नाही. १९३८ च्या जानेवारीत सरकारनं त्याचं थिएटर बंद केलं, तेव्हा त्याला जवळ केलं कुणी? स्तानिस्लाव्स्कीनं! नटाच्या अंतर्मनासाठी आयुष्य वेचलेल्या माणसानं.

विंगेतून:
जवळ केलं ते ऑपेरा थिएटरमध्ये. संगीताच्या मात्रांवर हालचाल बांधायची होती, आणि तेच त्याला उत्तम जमायचं.

तिसरी घंटा:
स्तानिस्लाव्स्की तेव्हा आजारपणामुळे घरातूनच काम करायचा. ऑपेरा थिएटर हेच त्याच्या हातात उरलं होतं. जे होतं ते त्यानं दिलं. ऑगस्टमध्ये तो गेला. २० जून १९३९ ला मेयरहोल्डला अटक झाली, महिन्याभरात राइखचा राहत्या घरी खून झाला. पासष्टीच्या या माणसाला पालथं पाडून तळपायांवर, पाठीवर रबरी पट्ट्यानं मारलं. हे त्यानं स्वतः सोव्हिएत सरकारचा प्रमुख मोलोतोव्ह याला तुरुंगातून पत्रात लिहिलं. २ फेब्रुवारी १९४० ला त्याला गोळी घातली.

प्रॉम्प्टर:
ते पत्र मीही वाचलंय, त्या रात्री झोप लागली नाही. तरीही बाबानोव्हाचा प्रश्न मी मागे घेत नाही.