नवमाध्यमांवर पीएचडी : नामांकित विद्यापीठ की जुळणारा मार्गदर्शक?

प्रश्न :
संज्ञापन विषयात एम.ए. झाल्यावर समाजमाध्यमांवरून अफवा कशा पसरतात यावर पीएचडी करण्याचा विचार आहे. एका नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो, पण तिथे या विषयावर काम करणारे कोणीही नाही. दुसरे विद्यापीठ फारसे परिचित नाही, मात्र तिथल्या एका प्राध्यापकांचे काम माझ्या विषयाला अगदी लागून आहे. विद्यापीठाच्या नावाला किती महत्त्व द्यावे?

प्रतिसाद १ :
नावापेक्षा विभागाची संशोधनपरंपरा आधी पाहावी. ‘नवमाध्यमे’ या एकाच नावाखाली कुठे सर्वेक्षणे आणि प्रयोग चालतात, कुठे सांस्कृतिक अभ्यासाच्या अंगाने चिकित्सा होते, तर कुठे प्रत्यक्ष माध्यमनिर्मितीलाच संशोधन मानले जाते. विभागातून अलीकडे पूर्ण झालेले चार-पाच प्रबंध मिळवून त्यांतील संशोधनपद्धतीचे प्रकरण आणि संदर्भसूची वाचा. ऋणनिर्देशही वगळू नका. मसुदे खरोखर कोण वाचते, हे माहितीपत्रकापेक्षा तिथे अधिक प्रामाणिकपणे कळते.

प्रतिसाद २ :
आपल्या विषयात कळीचा प्रश्न विदा (डेटा) मिळण्याचा आहे. फेसबुक वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या संमतीविना राजकीय प्रचारासाठी वापरली गेल्याचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजल्यावर, २०१८ पासून, फेसबुकने बाहेरच्यांना मिळणारी माहिती बरीच आखडती घेतली. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांसाठीची विदा मिळवण्याची मोफत सोय बंद केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल हे सार्वजनिक पोस्टचा प्रसार तपासण्याचे साधनही गुंडाळले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातील ४०व्या कलमामुळे पात्र ठरलेल्या संशोधकांना मोठ्या मंचांकडून विदा मागता येते, पण अर्जाची बाजू सांभाळणारी यंत्रणा विद्यापीठाकडे हवी. म्हणून दोन्हीकडे थेट विचारा की सध्याचे विद्यार्थी विदा कुठून मिळवतात आणि नैतिकता समितीची मंजुरी मिळायला साधारण किती काळ जातो. उत्तर मोघम आले, तर विषयाची व्याप्ती बदलण्याची तयारी ठेवूनच पुढे जावे.

प्रतिसाद ३ :
वरील दोन्ही मुद्दे मान्य, तरी एकाच व्यक्तीच्या भरवशावर विभाग निवडणे मला धोक्याचे वाटते, कारण प्राध्यापक निवृत्त होतात, दुसरीकडे जातात किंवा दीर्घ रजेवर असतात. शिवाय अभ्यासक्रमाची रचनाही पाहावी लागते. अमेरिकी पद्धतीत पहिली काही वर्षे अभ्यासवर्ग आणि सर्वंकष परीक्षा यांत जातात, त्यामुळे मार्गदर्शक आणि विषय नंतरही पक्के करता येतात. ब्रिटिश पद्धतीत बहुधा आराखडा आणि मार्गदर्शक अर्जाच्या वेळीच लागतात, तेव्हा तिथे विषयाचा जाणकार नसलेला नामांकित विभाग घेण्यात फारसा अर्थ नाही. आपले दोन पर्याय यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहेत, ते कळवावे.

प्रश्नकर्ता :
दोन्हीकडे ब्रिटिश पद्धतच आहे. त्यामुळे माझा कल आता दुसऱ्या विद्यापीठाकडे झुकतो आहे. मात्र होकार देण्यापूर्वी सहमार्गदर्शक कोण असतील आणि शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षापर्यंत चालू राहील का, हे लेखी विचारून घेईन.