कोजागिरीला दोन्हीकडची मित्रमंडळी पहिल्यांदा भेटतायत, कुठले खेळ घ्यावेत? आणि आम्हा दोघांसाठीही काही सुचवा

शेवंती

नमस्कार मंडळी, माझा साखरपुडा झालाय आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षात आहे. ठरवून केलेलं लग्न आहे, म्हणजे घरच्यांनी स्थळ आणलं, दोन-तीनदा भेटलो, आवडलं, हो म्हटलं. आता कोजागिरीला पुण्यात माझ्या मैत्रिणीच्या गच्चीवर सगळ्यांना बोलावलंय, मसाला दूध, भेळ, जमलं तर वाटली डाळ. माझा ग्रुप नाशिकच्या कॉलेजचा आणि त्याचा सांगलीच्या हॉस्टेलचा, मिळून सोळा जण होतील आणि आम्ही दोघं सोडलो तर कुणीच कुणाला ओळखत नाही. मला भीती ही आहे की नाशिककर एका कठड्याला आणि सांगलीकर दुसऱ्या कठड्याला बसतील, मोबाईल निघतील आणि आम्ही दोघं मधे दुधाचे ग्लास घेऊन फिरत राहू.

ट्रुथ ऑर डेअर मला नकोय. एका पार्टीत बघितलंय, एकीला सगळ्यांसमोर जुन्या बॉयफ्रेंडबद्दल विचारलं आणि ती उठून घरीच गेली. असं काही व्हायला नको पण नुसतं नाव-गाव-नोकरी सांगून परत गप्प बसणंही नको. गच्ची सोसायटीची आहे त्यामुळे रात्री दहानंतर आरडाओरडा चालणार नाही.

दुसरं, आमचं दोघांचं. फोनवर रोज बोलतो पण ते जेवलीस का, ऑफिस कसं झालं, उद्या लवकर उठायचंय का, इथेच संपतं. माणूस चांगला आहे, मला त्याला अजून ओळखायचंय. लग्नाआधी काय विचारावं, कसं विचारावं?

तांबडीमाती

अभिनंदन! मी बरीच वर्षं तरुण मुलामुलींची शिबिरं घेतोय, पहिल्या संध्याकाळी हाच प्रश्न असतो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गोलात बसवून एकेकाला ओळख करून द्यायला लावू नकोस, प्लीज. सोळाव्या नंबरचा माणूस पहिल्या पंधरा जणांचं काहीच ऐकत नसतो, तो मनातल्या मनात आपलं वाक्य जुळवत असतो. पहिला खेळ असा घे ज्यात तोंडापेक्षा अंगाला काम आहे. आम्ही घेतो तो असा: सगळ्यांनी न बोलता, फक्त खाणाखुणा करून जन्मतारखेप्रमाणे रांग लावायची, जानेवारी या टोकाला डिसेंबर त्या टोकाला. वर्ष धरायचं नाही, फक्त महिना आणि तारीख. बोटं दाखवत, एकमेकांना ढकलत लोक उभे राहतात, चुकतात, हसतात, आणि मुख्य म्हणजे दोन्ही ग्रुप आपोआप मिसळतात कारण वाढदिवसाला नाशिक-सांगली कळत नाही. त्याच रांगेतून चार-चारचे गट पाड, झाले मिश्र गट. आवाजही नाही, सोसायटी खूश.

मग त्या चौघांत 'दोन खरं एक खोटं'. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, बाकीच्यांनी खोटी ओळखायची. हा खेळ चौघांतच चांगला होतो, सोळा जणांत घेतला तर तासभर रेंगाळतो आणि शेवटचे कंटाळतात. यात मला आवडतं ते हे की किती उघडं व्हायचं ते सांगणारा स्वतः ठरवतो. कुणी म्हणेल मला पोहता येत नाही, कुणी म्हणेल मी घर सोडून दोन दिवस पंढरपूरला गेलो होतो, दोन्ही चालतं. ट्रुथ ऑर डेअरमध्ये हे उलटं आहे, तिथे तुझं काय उघडं करायचं ते समोरचा ठरवतो आणि बघायला गर्दी असते. तू बघितलेल्या त्या पार्टीत ते बिघडलं ते याच कारणाने, खेळ घेणारी माणसं वाईट होती असं नाही.

'नेव्हर हॅव आय एव्हर'ही (एकाने 'मी कधीच अमुक केलं नाही' म्हणायचं आणि ज्यांनी केलंय त्यांनी कबूल करायचं) पहिल्याच भेटीत नको, तो जुन्या मित्रांचा खेळ आहे, त्यात विषय दहा मिनिटांत एक्स आणि दारूवर येतोच. आणि एक, खेळ चालू असताना कुणी व्हिडिओ काढून स्टेटसला टाकणार नाही हे सुरुवातीलाच सांग. लोक कॅमेरा बघून अर्धे बोलायचे थांबतात.

तुमच्या दोघांबद्दल उद्या लिहितो, तो विषय घाईत लिहिण्यासारखा नाही.

मधुमालती

शेवंती, बाळा खूप शुभेच्छा. इंग्रजी नावाचे खेळ मला माहीत नाहीत पण आपल्याकडे ही सोय आधीपासून होती असं मला मनापासून वाटतं. माझ्या लग्नाच्या आधी मी आमच्या ह्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांची बशी देताना. लग्नानंतर घरी आलो तर हळदीच्या पाण्याच्या परातीत अंगठी टाकून दोघांनी शोधायची, बायकोने मुठीत सुपारी घट्ट धरायची आणि नवऱ्याने एका हाताने सोडवायची, विड्याचं पान एकाने दातात धरायचं आणि दुसऱ्याने तोडायचं. भोवती नणंदा-जावा ओरडतायत. आता वाटतं किती विचार करून ठेवलंय हे कुणीतरी, एकमेकांचा हात कधी हातात न घेतलेली दोन माणसं, त्यांना लाज न वाटता जवळ यायला एक निमित्त दिलं. श्रावणातल्या मंगळागौरीचंही तेच, सासरी नवीन आलेली मुलगी फुगडी, झिम्मा, पिंगा खेळून शेजारपाजारच्या दहा बायकांशी एका रात्रीत बोलायला लागते. फुगडी घालताना समोरचीचे हात घट्टच धरावे लागतात ना.

तुझ्या गच्चीसाठी सुचवते. नुकताच भोंडला झालेला असेल, त्यातली खिरापत ओळखायची पद्धत घे. प्रत्येकाने घरून एक पदार्थ झाकलेल्या डब्यात आणायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. गोड का तिखट, ओला का सुका, तळलेला का उकडलेला असे प्रश्न विचारायचे आणि डबा हलवून, पण वास न घेता सांगायचं. सांगलीची मुलं भडंग आणतील, नाशिकच्या मुली कोंडाजीचा चिवडा आणतील, लगेच ओळखू येईल म्हणून सांग की सगळ्यांना माहीत आहे ते आणायचं नाही. पदार्थावरून माणूस आपोआप आईबद्दल, आजीबद्दल, गावाबद्दल बोलायला लागतो, त्याला वेगळं विचारावं लागत नाही.

आणि उखाणे घ्याच! फक्त नवरा-नवरीचे नाही, प्रत्येकाने शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव घालून उखाणा करायचा. यमक जुळेना तर शेजाऱ्याने मदत करायची. नावं पाठ होतात.

पत्तेबाज

पत्ते विसरू नका लोकहो. कोजागिरीला जागायचं तर पत्ते हवेतच.

नावं पाठ व्हायला नॉट ॲट होम सगळ्यात भारी. त्यात पान मागताना समोरच्याला नावाने हाक मारावी लागते, अमुक तमुक, इस्पिक राजा आहे का, नसेल तर तो म्हणणार नॉट ॲट होम आणि डाव त्याच्याकडे. दोन डावांत सगळ्यांची नावं येतात. झब्बू पण चालेल पण त्यात शेवटी एकावरच पानं चढत जातात, नवीन माणूस असेल तर बिचारा बुजतो, म्हणून तो दुसऱ्या तासाला. लहानपणीचा राजा-वजीर-चोर-शिपाई चिठ्ठ्यांचा खेळ चौघांच्या गटात अजूनही मस्त चालतो, कागद-पेनाशिवाय काही लागत नाही आणि कोण चेहरा पाडतं कोण दगडासारखं बसतं हे लगेच कळतं.

अकराच्या पुढे माफिया घे, म्हणजे काही जण गुपचूप माफिया असतात, सगळे डोळे मिटतात तेव्हा खेळातल्या 'रात्री' ते एकाला मारतात आणि 'सकाळी' बाकीच्यांनी वाद घालून माफिया कोण ते ओळखायचं. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव नावाच्या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये हा खेळ काढला आणि तिथून हॉस्टेला-हॉस्टेलांत पसरला, सांगलीवाल्यांना नक्की येत असणार. रात्रीचा खेळ आहे, डोळे मिटून शांत बसायचं असतं त्यामुळे आवाजाचा प्रश्न नाही (सकाळ झाल्यावर जो वाद होतो त्याची गॅरंटी मी देत नाही). एकच गोष्ट बघ, पहिल्याच रात्री जो मरतो तो अर्धा तास नुसता बसून राहतो. तर पहिल्या फेरीत कुणाला मारायचं नाही, किंवा मेलेल्याला पुढची फेरी चालवायला दे.

नीरव

वरचं सगळं छान आहे पण मी गप्प माणसांच्या बाजूने लिहितोय, कारण मी तसा आहे आणि सोळा जणांत असे तीन-चार तरी असतातच. उखाणा ही कल्पना काहींना खूप आवडेल पण सगळ्यांसमोर उभं राहून यमक जुळवणं हे माझ्यासारख्याला घाम फोडणारं आहे. म्हणून सुरुवातीलाच एक नियम सांगून टाक की कुठल्याही खेळात कुणीही 'पास' म्हणू शकतो आणि का म्हणून विचारायचं नाही. नियम सगळ्यांसाठी असला की पास म्हणणारा वेगळा पडत नाही. आणि आधी तू आणि तो, दोघांनी एकेकदा पास म्हणा, म्हणजे बाकीच्यांना खरं वाटेल.

शांत माणसाला बोलायला लावण्यापेक्षा काम दे. हाऊजीचे आकडे पुकारणं, गुण लिहिणं, दूध ढवळणं. दूध आटवायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात, तिथे एक नाशिककर आणि एक सांगलीकर उभा केला तर तळाला लागू नये म्हणून ढवळता ढवळता दोघं बोलतील, नजर पातेल्यात असते त्यामुळे समोरच्याकडे बघत बसायचं दडपण नसतं. माझ्या काही पक्क्या मैत्र्या अशाच कुणाबरोबर तरी भांडी घासताना झाल्यात.

चिठ्ठ्यांचा एक खेळ सुचवतो, प्रत्येकाने नाव न घालता एक गोष्ट लिहायची, उदाहरणार्थ 'मला अजून अंधारात झोपायला भीती वाटते' किंवा 'मी दहावीला कविता लिहायचो', सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात, एकेक वाचायची आणि कोणाची ते ओळखायचं. ओळखलं तरी कबूल करायची सक्ती नाही.

तांबडीमाती

नीरवशी शंभर टक्के सहमत, पासचा नियम आम्हीपण ठेवतो.

आता तुमच्या दोघांचं. अमेरिकेत आर्थर ॲरन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग छापला. अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या आणि पाऊण तास गप्पा मारायला लावल्या. काही जोड्यांना हवापाण्याचे प्रश्न दिले आणि काहींना ३६ प्रश्न दिले, तीन भागांत, पहिला भाग हलका, दुसरा जरा आतला, तिसरा अजून आतला. दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ज्यांना ते ३६ प्रश्न मिळाले त्यांना पाऊण तासानंतर एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख आला आणि प्रेमात पाडणारे प्रश्न म्हणून ते जगभर फिरले, पण मूळ प्रयोग प्रेमात पाडण्याचा नव्हता. माझ्या मते त्यातून घेण्यासारख्या गोष्टी दोन: प्रश्न पायरी-पायरीने खोल गेले पाहिजेत आणि जो विचारेल त्यानेही उत्तर दिलं पाहिजे. नाहीतर ती चौकशी होते.

ते प्रश्न नेटवर मिळतील पण मी आपल्या घरांना धरून काही देतो. हलके आधी. पहिला पगार कशावर खर्च केलास? लहानपणी रुसलास की घरात कुठे जाऊन बसायचास? घरात कुणाच्या हातचं आवडत नाही पण खावं लागतं? हे आठ-दहा दिवस पुरतील, मग थोडं पुढे. राग आला की तू बोलतोस की गप्प होतोस, आणि गप्प झालास तर मी किती वेळ थांबावं? आजारी पडल्यावर कुणी सारखं विचारलेलं आवडतं की एकटं पडून राहायला? तुझ्या आईबाबांचं भांडण मिटायचं कसं? शेवटच्या टप्प्यात, घरात पैशाची ओढाताण तू कधी पाहिलीस का, मूल कधी आणि हवं का, आईबाबांपैकी कुणी एकटं राहिलं तर आपण काय करू.

रोज एकच. फोनवर यादी घेऊन बसू नका.

शेवंती

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मधुमालती काकू तुमचा प्रतिसाद त्यालाही वाचून दाखवला, सुपारीचा खेळ करायचाच असं ठरलंय. गच्चीवर रांग, मग चौघांचे गट, डबे ओळखणं, मग पत्ते, आणि जे जागे राहतील त्यांना माफिया. दुधाजवळ जोड्या लावायची कल्पना फार आवडली.

कालच त्याला पहिल्या पगाराचं विचारलं. म्हणाला, बहिणीला सायकल घेतली. बस, एवढंच. पुढे काय बोलू कळेना. तो कमी बोलतो, टाळतो असं नाही.

मधुमालती

अगं, मग सायकल कुठली, कुठल्या रंगाची, बहीण काय म्हणाली, ते विचार की. एवढ्यात तर सगळं आहे.

तांबडीमाती

काकू बरोबर म्हणतायत, आणि यावरही काम झालंय, हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात, स्पीड डेटिंगमध्येसुद्धा अशांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले. म्हणजे पुढच्या प्रश्नाकडे पळायचं नाही, सायकलवरच थांबायचं.

आणि पहिल्या पगारात बहिणीला सायकल घेणारा मुलगा 'बस एवढंच' नाहीये, त्याने तुला बरंच सांगितलंय. कमी बोलणाऱ्यांना समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा बरोबर चालताना, गाडीवर मागे बसून, मंडईत भाजी घेताना विचार, सोपं जातं. फक्त पैशाचा आणि आईबाबांचा विषय खेळात किंवा चालता-चालता उरकू नका. एका रविवारी दोघं बसा, कागद-पेन घ्या, पगार, हप्ते, घरी किती द्यायचं, सगळं मांडा, आणि हे पत्रिका छापायच्या आधी करा.