चाकं वर घेतली की पंप सारखा का चालू होतो?

कुपवाडचा फिटर
दोन सीटचं किट विमान (सुटे भाग आणून स्वतः जोडायचं), अर्धवट जोडलेलं, दुसऱ्याकडून घेतलंय. कुपवाड एमआयडीसीत शेडमध्ये जॅकवर उभं आहे. (हसू नका, अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलं होतं.) चाकं हायड्रॉलिक आहेत, इलेक्ट्रिक पंपाचा पॉवर पॅक आणि तीन सिलिंडर. खाली आली की मेकॅनिकल लॉक बसतो; वर मात्र लॉक नाही, नुसत्या प्रेशरवर धरलेली राहतात.

वर गेली की प्रेशर स्विच पंप बरोबर तोडतो. पण थोड्या वेळाने आपोआप घुर्र, परत गप्प, परत घुर्र. खाली पेपर अंथरले, एक डाग नाही. ५६०६ हे विमानाचं हायड्रॉलिक तेल लालभडक, सांडलं असतं तर दिसलंच असतं. तिन्ही सिलिंडरचे सील बदलून टाकू का?

मिरजकर हायड्रॉलिक
मी जेसीबीचे सिलिंडर करतो, विमानातलं कळत नाही. पण बाहेर थेंब नाही म्हणजे तेल आतल्या आत पास होतंय, म्हणजे झिरपतंय. सगळे सील एकदम बदललेत तर दोष कुठं होता ते कळायचंच नाही. चाकं खाली घ्या, प्रेशर शून्य करा, मग पॅकच्या तोंडाशी ‘अप’च्या लाइनवर टी टाकून गेज बसवा आणि पुढच्या दोन्ही लाइनींना डमी मारा, म्हणजे बूच लावून बंद करा. पंप चालवून दाब चढवा, बंद करा आणि काटा बघा. काटा पडला तर पॅकमधला चेक व्हॉल्व्ह (तेल मागे येऊ न देणारा) बघा. उभा राहिला तर पॅक चांगला, पुढं शोधा. तेल थोडंच अडकलेलं असतं, त्यामुळं बारीक गळतीलाही काटा झपकन पडतो.

ऊसवाला
ब्रेक ऑइल घालून बघा की, जरा दाट असतं.

निवृत्त टेक्निशियन, सातारा
ऊसवाले, असले सल्ले ट्रॉलीपुरते ठेवा! ब्रेक ऑइल म्हणजे डॉट ३, ते ग्लायकॉलचं; ५६०६ खनिज तेल. एकाचे सील दुसऱ्यात टिकत नाहीत. ब्रेक ऑइलला चालणारी ईपीडीएम रबराची रिंग खनिज तेलात फुगते; इथं नायट्रिल रबर लागतं. नायट्रिल काळी, ईपीडीएमही काळी, तेव्हा पाकिटावरचा नंबर बघूनच घ्या.

फिटरदादा, सिलिंडरला हात लावण्याआधी इमर्जन्सी डंप व्हॉल्व्ह बघा. उघडला की दाब सुटून चाकं खाली पडावीत म्हणून तो असतो. तो किंचित पास झाला तरी हेच लक्षण.

कुपवाडचा फिटर
सापडलं! पॅकला डमी मारल्यावर काटा जागचा हलला नाही. डंप व्हॉल्व्ह खोलला, तर सीटवर टेफ्लॉन टेपचा केसाएवढा पांढरा धागा. आधीच्या मालकाने फ्लेअर फिटिंगला नळाला गुंडाळावी तशी टेप गुंडाळलीय. सगळी काढतोय, लाइनी धुतोय. पंप आता गप्प.

निवृत्त टेक्निशियन, सातारा
फ्लेअर फिटिंग धातूवर धातू दाबून बसतं, तिथं टेपचं कामच नाही. आता पंपाचा सर्किट ब्रेकर ओढून, म्हणजे वीज तोडून, नुसत्या डंप व्हॉल्व्हवर चाकं खाली येऊन लॉक होतात का बघा. नाकाचं चाक मागे दुमडणारं असेल तर उडताना त्याला वाऱ्याविरुद्ध पुढं यावं लागतं, ते काम गॅस स्ट्रटचं. जॅकवर वारा नाही, म्हणून मेलेला स्ट्रटही पास होतो. चाकाला स्प्रिंगकाटा लावून मागे ओढा आणि किती जोर लागतो तो किटच्या मॅन्युअलशी ताडून बघा.