प्रतिसाद : सहापट धान्यात ज्वारी कुठे आहे?

१९५०-५१ मध्ये ५ कोटी टन आणि २०२२-२३ मध्ये ३३ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे देशाचं धान्य सहापटीहून वाढलं, हा वरचा मुद्दा अगदी मान्य. पण ही वाढ मुख्यतः गहू-तांदळाची आहे. ज्वारीखाली १९५०-५१ मध्ये दीड कोटी हेक्टरपेक्षा जास्त जमीन होती, आज ती ५० लाखांच्याही खाली आहे. हेक्टरी उतारा वाढूनसुद्धा ज्वारीचं एकूण उत्पादन तेव्हापेक्षा कमीच भरतं. रेशनवर गहू-तांदूळ आला, पाणी आलं तिथे ऊस आला, ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत.

काढणीबद्दल मात्र इथे कुणीच लिहिलेलं नाही. आमची शेती बार्शीकडे. रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडबा, म्हणजे जनावरांसाठीची वाळलेली ताटं, लांब हवा. पहाटेच्या गारव्यात वाकून एकेक ताट उपटायचं, तळहाताला फोड येतात, पानांनी हात चरचरतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी. गव्हाला हार्वेस्टर येतं आणि तासाभरात रान मोकळं होतं. ज्वारी उपटायला आता माणसंच मिळत नाहीत, म्हणून गेली काही वर्षं आम्हीही अर्ध्या रानात हरभरा करतो. वडिलांना ते अजून सहन होत नाही. पुण्यात मी मालदांडी ज्वारी विकत घेते, तीही गव्हापेक्षा महाग. ज्वारी उपटणारं चांगलं, स्वस्त यंत्र निघालं तर आमच्या भागात पेरा नक्की वाढेल.