मदत हवी आहे: १० मीटर एअर रायफलसाठी मॅच पेलेटचा लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) कसा निवडावा? (नाशिक)

गोदातीर
नमस्कार. मुलगी (वय १५) १० मीटर एअर रायफल खेळते. रायफल पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी), सिलिंडर २०० बारचा. साठ शॉट्सचा दशांश स्कोअर सध्या ६०० च्या आसपास असतो. राज्य स्पर्धेआधी मॅच पेलेट (स्पर्धेचे छर्रे) एकदम घेऊन ठेवायचे आहेत. अडचण अशी की एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन डबे आणले, तर पहिल्याचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) गोल येतो आणि दुसऱ्याचा उभा पसरतो. एका डब्यावर ४.४९ आहे, दुसऱ्यावर ४.५०.
हेड साइज (छर्र्याच्या डोक्याचा व्यास, मिमीत) कोणती घ्यावी? घरच्या घरी वजन करून छर्रे निवडले तर फायदा होतो का? परदेशी व्हिडिओंमध्ये रिलोडिंग प्रेस (वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र) आणि पेलेट सायझिंगची (छर्रे एका मापात आणायची) हत्यारं दाखवतात. तसलं काही घेण्यात अर्थ आहे का?

व्हर्नियर
ताई, सायझिंगचं हत्यार घेऊ नका. मॅच पेलेट मुळात डायमध्ये (साच्यात) दाबूनच घडवलेला असतो. तो पुन्हा दुसऱ्या डायमधून ढकलला की शिशावर ओरखडे येतात, स्कर्टचा (छर्र्याच्या मागच्या पोकळ घेराचा) आकार बदलतो आणि कारखान्याने जपलेला सारखेपणा आपण आपल्या हाताने घालवतो. स्कर्ट चेपलेला छर्रा दुरुस्त करत बसू नये, सरळ बाजूला काढावा.

हेड साइज डब्यावर बघून ठरत नाही. ४.४८ ते ४.५२ पर्यंत ०.०१ मिमीच्या टप्प्याने डबे मिळतात, पण तुमच्या बॅरलला कोणता मानवेल हे कागदावरची भोकंच सांगतात. छर्रा मोजायलाही जाऊ नका. साध्या व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिमी असतं आणि मऊ शिसं जबड्यात दबतं, त्यामुळे ४.४९ की ४.५० हे त्याने कळत नाही. आणि साइजपेक्षा लॉट नंबर जास्त महत्त्वाचा. ४.५० चे दोन लॉट एकमेकांपासून जितके वेगळे निघू शकतात, तितके कधी कधी एका लॉटचे ४.४९ आणि ४.५० सुद्धा निघत नाहीत.

नेमकं
रिलोडिंग प्रेसबद्दल. ती सेंटरफायर काडतुसांसाठी असते, म्हणजे ज्यांच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर (ठिणगी देणारा भाग) बसवलेला असतो. एअर रायफलमध्ये काडतूसच नाही. पुढे मुलगी ५० मीटरला .२२ कडे (छोट्या काडतुसाच्या रायफलकडे) वळली तरी प्रेस उपयोगी नाही, कारण .२२ रिमफायर असते: प्रायमरचं मिश्रण केसच्या काठाच्या घडीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन तोच काठ चेपते. सेंटरफायरसारखा नवा प्रायमर तिथे बसवता येत नाही. शिवाय आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो. त्यामुळे .२२ मध्येसुद्धा अचूकतेचा मार्ग लॉट टेस्टिंगचाच.

आता मूळ प्रश्न: लॉटवर किती जीव पाखडायचा? गणित करून बघा. टार्गेटवरच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास ०.५ मिमी आणि छर्रा ४.५ मिमीचा. म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.०, आणि तिथून आत दर ०.२५ मिमीला एक दशांश वाढतो. सरासरी १०.० असेल तर शॉट केंद्रापासून सरासरी २.४ मिमी दूर पडतायत. त्यात खेळाडूचा वाटा आणि छर्र्यांचा वाटा साधी बेरीज होऊन येत नाहीत, वर्गांची बेरीज होते. वाईट लॉट स्वतःहून सरासरी ०.९ मिमी फेकत असेल आणि त्याऐवजी ०.४ चा चांगला लॉट आला, तर २.४ चे साधारण २.२६ होतात. साठ शॉटला तीनेक गुण! पण ०.४ वरून ०.३ वर जायला कितीही धडपड केली तरी साठ शॉटला अर्धा गुणही मिळत नाही.
म्हणून वाईट लॉट हुडकून बाहेर काढा, सर्वोत्तमाच्या मागे लागू नका. तो वेळ होल्डला (रायफल स्थिर धरण्याला) द्या.

गोदातीर
हे पटलं. पण लॉट वाईट की मुलीचा होल्ड, हे वेगळं कसं काढायचं? क्लबमध्ये टेस्टिंगचं शिकंजं (रायफल घट्ट आवळून ठेवायचा साचा) नाही.

अंबड_फिक्स्चर
शिकंजं बनवून घेता येतं. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत मिलिंगचं छोटं काम करणारं वर्कशॉप गाठा. स्टॉक (रायफलचा दस्ता) काढायचा आणि स्टॉकचे बोल्ट ज्या भोकांत बसतात त्याच भोकांनी बॅरल आणि ट्रिगर बसलेला मुख्य भाग, म्हणजे अ‍ॅक्शन अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर आवळायची. ब्लॉकखाली किमान १२ मिमी जाडीची स्टीलची प्लेट, प्लेट जड टेबलाला चार क्लॅम्पने. टेबल तळमजल्यावर, फरशीला टेकलेलं. बॅरलला आणि सिलिंडरला काहीही टेकता कामा नये. बॅरल पकडली की प्रत्येक वेळी ताण बदलतो आणि जो ग्रुप येतो तो शिकंज्याचा असतो, छर्र्याचा नाही. वर्कशॉपवाल्याला रायफलचे बोल्ट दाखवा, आटे त्याच मापाचे हवेत. ट्रिगर बोटाने दाबायचा, पण टेबलाला कोपर टेकवायचं नाही.

टेस्ट करताना:

बॅरल फेल्टच्या कोरड्या गोळ्यांनी साफ करा, तेल नको. नव्या लॉटचे पहिले २० शॉट मोजायचेच नाहीत. आधीच्या शिशाचा थर जाऊन नव्याचा बसायला तेवढे लागतात. मग १० शॉटचे ग्रुप, प्रत्येक लॉटचे निदान चार. पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका, त्यात वाईट लॉटही नशिबाने सुंदर दिसतो. पंखे बंद. टार्गेट कार्डमागे पक्का पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी), आणि टेबलापुढे कोणी नाही.

माप: भोकांच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, सर्वांत लांब अंतर. चारही ग्रुपची सरासरी साधारण ५.७ मिमी किंवा कमी असेल तर लॉट चांगला. ७ च्या वर गेला तर नको. ५.४ आणि ५.५ मध्ये फरक मानू नका. क्लबच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर टेस्ट करता आली तर आणखी बरं, कारण प्रत्येक शॉटची जागा अंकांत मिळते. एकावर एक पडलेल्या भोकांतून ती कळत नाही.

आणि क्रम! पहिल्या डब्याचे सगळे, मग दुसऱ्याचे सगळे, असं करू नका. पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असे ग्रुप घ्या. तुमच्या दुसऱ्या डब्याचा उभा ग्रुप कदाचित सिलिंडर उतरल्यावर घेतलेला असेल.

नेमकं
+१. उभ्या पसरण्याचं कारण बहुतेक वेळा वेग असतो. छर्रा साधारण १७५ मी/से वेगाने निघतो, १० मीटर जायला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १ टक्क्याने बदलला की ही घसरण २ टक्क्यांनी, म्हणजे ०.३ मिमीच्या वर बदलते. एक दशांश तिथेच गेला. क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) १० शॉटमध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांत ३ मी/से पेक्षा जास्त फरक दिसला तर आधी रेग्युलेटरची (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची) सर्व्हिसिंग करून घ्या, लॉट नंतर. बराच वेळ थांबल्यावरचा पहिला शॉट दर वेळी वेगळ्या उंचीवर जात असेल तर तेही रेग्युलेटरचंच लक्षण. क्रोनोग्राफवर एकाच डब्याचा वेग हलतोय आणि दुसऱ्याचा स्थिर आहे, असं क्रम बदलूनही दिसलं, तरच दोष डब्याचा.
रायफल मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान दाबाच्या खाली टेस्ट नको. सिलिंडरची मुदतही बघून घ्या. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारचा मामला आहे.

गोदातीर
वजनाचं राहिलं. सराफ बाजारात दागिन्यांचे काटे मिळतात, त्यातला चालेल का?

व्हर्नियर
०.०१ ग्रॅमचा काटा चालणार नाही. रायफलचा मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, त्यामुळे काट्याचा एक आकडा म्हणजेच जवळपास २ टक्के. ०.००१ ग्रॅमचा, काचेचं झाकण असलेला हवा. पण वजनातला १ टक्का फरक वेगात अंदाजे अर्धा टक्का होतो, कागदावर ०.१५ ते ०.२ मिमी. चांगल्या लॉटमध्ये तेवढाही फरक क्वचित असतो. मी वजनापेक्षा डोळ्यांवर भर द्यायला सांगेन: उजेडात छर्रा उलटा धरून स्कर्टची कड बघा. चेपलेला, आत शिशाचा बारीक तुकडा अडकलेला, पांढरट पूड धरलेला काढून टाका. चेपलेला स्कर्ट बॅरलला सगळीकडून सारखा टेकत नाही, हवा एका बाजूने निसटते आणि तो शॉट ग्रुपबाहेर जातो. होल्ड निर्दोष असताना अचानक ९.६ आला की खेळाडू स्वतःला दोष देतो, ते यामुळे टळतं.

डबा हलवू नका, ओतू नका. आतला फोम फेकू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, शिसं दमट हवेतच पांढरं पडतं. आणि मुलीने छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय टिफिनला हात लावायचा नाही. यात सूट नको, शिसं शरीरात साठतं.

गोदातीर
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: किती डबे घ्यावे?

अंबड_फिक्स्चर
एका स्पर्धेला ६० शॉट आणि साइटिंगचे (सुरुवातीला नेम जुळवायचे) शॉट धरून १०० छर्रे पकडा. ५०० च्या एका डब्यात पाच स्पर्धा. वर्षभराच्या स्पर्धा आणि त्याआधीचे दोन-तीन सराव मिळून सहा डबे पुरतात. रोजच्या सरावाला स्वस्त प्रत चालेल, फक्त स्पर्धेच्या आठवड्यात मॅच लॉटवर या, नाहीतर ऐन स्पर्धेत साइट (नेम धरायचा भाग) पुन्हा जुळवावी लागेल.

विक्रेत्याकडून तीन-चार लॉटचा एकेक डबा घ्या आणि टेस्ट होईपर्यंत प्रत्येक लॉटचे आणखी पाच डबे बाजूला ठेवायला सांगा. लॉट नंबरचा फोटो काढून त्याला पाठवा. "तोच माल आहे" यावर विसंबू नका. उरलेले डबे हातात आले की लेबलवरचा नंबर आणि हेड साइज दोन्ही जुळवून मगच पैसे द्या.