मदत हवी आहे: शनिवारी शाळेत ड्रिल, पालकांसाठी पत्रक लिहायचंय

फोंडा_पालक: पालक-शिक्षक संघाचं पत्रक उद्या छापायला द्यायचंय. मागच्या खेपेला घंटा होताच लहान मुलं रडली आणि व्हॉट्सॲपवर बातमी फिरून पालक गाड्या घेऊन फाटकावर आले. नेमकं काय लिहू? लवकर सांगा.

कुळागर: ड्रिल आगीचं की भूकंपाचं? आगीत लगेच बाहेर पडायचं; भूकंपात हादरे थांबेपर्यंत बाकाखाली, डोकं झाकून, बाकाचा पाय धरून. मजले किती? इयत्ता कुठली?

लाल_माती: पत्रकच नको. आधी सांगितलं तर ते ड्रिल कसलं?

मांडवीकाठ: अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते बघा. पिन ओढून फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारायचा.

कुळागर: मांडवीकाठ, ते विचारलेलं नाही. लाल_माती, पहिलीच्या मुलाला काय करायचं तेच ठाऊक नसेल तर अवचित घंटेने तो फक्त घाबरेल. पहिली दोन ड्रिलं सांगून घ्या, तिसरं न सांगता.

फोंडा_पालक: आगीचं. पहिली ते चौथी, कौलारू, वर एक मजला, जिना एकच.

तिस्क: एकच जिना हे आधी सांगायचं ना! तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ मुलं दगावली, तिथेही जिना अरुंद होता. खालच्या वर्गांनी आपापल्या दारातून निघावं, जिना वरच्यांसाठी मोकळा. एकेरी रांग, पळायचं नाही. शेवटच्या बाईंनी संडास बघून दार नुसतं ओढून घ्यावं, धूर अडतो. हजेरीपट हातात, मैदानात मोजणी. मुलं पागोळीखाली किंवा माडाखाली उभी करू नका. आणि हातघंटा ठेवा, वीज गेली की बेल बंद.

कुळागर: पालकांसाठी एवढंच: दप्तर, डबा, छत्री घ्यायला मागे फिरायचं नाही, हे मुलाकडून घरी वदवून घ्या. धूर असेल तर वाकून चालायचं. घरचा फोन नंबर पाठ हवा. मूल कोणाच्या हाती सोपवायचं त्यांची नावं शाळेत लिहून द्या. फाटकावर गाडी नको, बंब अडकतो. ड्रिल संपल्याचा निरोप शाळाच पाठवेल. खरी आग दिसली तर ११२. दमा असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाबरोबर कोण राहणार, हेही ठरवा.

लाल_माती: बालरथच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकालाही कळवा. बस फाटकातच उभी असते.

फोंडा_पालक: आभार. मागच्या फाटकाला कुलूप असतं, चावी ऑफिसात. चालेल?

तिस्क: अजिबात नाही. शाळा चालू असताना आतून नुसती कडी. शनिवारच्या आधी ते कुलूप काढायला लावा.