व्यवसाय प्रमाणपत्रांच्या आकड्यांतले चढउतार: खरे किती, मोजणीमुळे किती?

तक्तेवाली
आयटीआयची एनटीसी (राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र), शिकाऊ उमेदवारीची एनएसी (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र) आणि पीएमकेव्हीवायची (प्रधानमंत्री कौशल विकास योजना) प्रमाणपत्रं, या तिन्हींचा 2013 पासूनचा वर्षनिहाय तक्ता करते आहे. तिन्हींची बेरीज करून आलेख काढला की मधेच मोठा सुळका दिसतो आणि पुढे खड्डा. स्तरनिहाय काढला तर 2024 ला स्तर 5 कोसळतो आणि स्तर 4 फुगतो. मुलं खरंच खालच्या स्तराच्या अभ्यासक्रमांकडे वळली आहेत का? आणि असा तक्ता नेमका कसा बांधायचा, म्हणजे चुकीचा निष्कर्ष निघणार नाही?

फिटर_निदेशक
स्तराचं आधी सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मुलं कुठेही वळलेली नाहीत. हे स्तर ठरवणारा एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) 27 डिसेंबर 2013 ला अधिसूचित झाला तेव्हा 10 स्तर होते. 2023 च्या सुधारित आराखड्यात ते 8 झाले आणि मधे 2.5, 3.5, 4.5 असे अर्धे स्तर आले. दोन वर्षांचा फिटर आधी स्तर 5 ला होता, 2022 च्या सुधारित अभ्यासक्रमात तो स्तर 4 ला आला. ही तुकडी ऑगस्ट 2022 ला बसली, म्हणजे बाहेर पडली 2024 ला. तुमच्या आलेखातला कोसळलेला स्तर 5 तो हाच. वर्कशॉप तेच, व्हाइस तेच, फाइलिंग-ड्रिलिंग तेच.

तास मात्र खरोखर बदलले, आणि ते नोंदवायलाच हवेत. वर्षाला 1600 तास होते त्याचे 1200 झाले: पहिल्या वर्षी प्रात्यक्षिक 840, ट्रेड थिअरी 240, एम्प्लॉयबिलिटी स्किल्स 120. त्याशिवाय 150 तास ऑन द जॉब ट्रेनिंग किंवा ग्रुप प्रोजेक्ट. तेव्हा 2019 ची एनटीसी आणि 2024 ची एनटीसी एकाच रकान्यात टाकताना खाली टीप द्या. स्तराऐवजी ट्रेड आणि कालावधी (एक वर्ष / दोन वर्षं) यांवर गट पाडा. ट्रेडचं नाव टिकतं, स्तराचा आकडा टिकत नाही.

मूल्यांकन_कट्टा
सुळक्याबद्दल. पीएमकेव्हीवाय 15 जुलै 2015 ला सुरू झाली, आणि तिच्यात शॉर्ट टर्म ट्रेनिंग व आरपीएल (आधीच्या कौशल्याला मान्यता) ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2.0 मध्ये, शॉर्ट टर्मचा अभ्यासक्रम साधारण 150 ते 300 तासांचा. आरपीएलमध्ये माणूस आधीच काम करत असतो. त्याला थोडं ओरिएंटेशन द्यायचं, मूल्यांकन करायचं, प्रमाणपत्र द्यायचं. गवंडीकाम वर्षानुवर्षं करणाऱ्याला त्याच्या कामाची पावती मिळते, हे चांगलंच आहे, पण त्यात नवा गवंडी तयार होत नाही. लक्ष्य आणि निधी आला की आरपीएलचा आकडा काही महिन्यांत चढतो, टप्पा संपला की तसाच उतरतो. दोन वर्षांच्या ट्रेडला हे जमूच शकत नाही, तिथे जागाच ठरलेल्या असतात. म्हणून एनटीसी आणि आरपीएलची बेरीज करूच नये. एकाच पानावर हवं असेल तर तीन स्वतंत्र रेषा काढा, किंवा प्रमाणपत्रांना तासांनी गुणून प्रशिक्षण-तासांचा आलेख करा. सुळका बराच खाली बसेल.

तक्तेवाली
म्हणजे बेरजेचा आलेख रद्दच. एनटीसी एकटी घेतली तरी 2013 ते 2020 मध्ये उड्या आहेतच. त्या कशाच्या? आणि निकालाची टक्केवारी प्रत्येक तक्त्यात वेगळी का येते?

सत्र_नोंदवही
ताई, परीक्षेच्या वर्षाने मोजलंत म्हणून उड्या दिसतात. ऑगस्ट 2013 च्या प्रवेशापासून सेमिस्टर पद्धत आली आणि ऑगस्ट 2018 पासून पुन्हा वार्षिक झाली. सेमिस्टरमध्ये पहिल्या सेमचा एक विषय अडकला तरी एनटीसी अडकायची. तो पुढच्या कुठल्या तरी परीक्षेत सुटला की प्रमाणपत्र त्या वर्षात मोजलं जायचं. 2019 ला तर वार्षिकवाली एक वर्षाची 2018 ची तुकडी आणि सेमिस्टरवाली दोन वर्षांची 2017 ची तुकडी एकत्र बाहेर पडली. त्यानंतर 2020 च्या परीक्षा करोनाने पुढे ढकलल्या. यावर उपाय एकच: प्रवेशाच्या सत्राप्रमाणे मोजा. ऑगस्ट 2017 ला प्रवेशित किती, त्यांतल्या किती जणांना आजवर एनटीसी मिळाली, असं. अलीकडच्या सत्रांसमोर ‘अपूर्ण’ लिहा, कारण पुनर्परीक्षार्थी अजून यायचे असतात.

टक्केवारीचं उत्तर छेदात आहे. समजा फिटरची 20 जागांची एक तुकडी. 18 प्रवेशित. काही मधेच सोडून गेले, काहींची 80 टक्के हजेरी भरली नाही, म्हणून परीक्षेला 14. पहिल्या फेरीत पास 12. परीक्षार्थींवर काढलं तर 86 टक्के, प्रवेशितांवर 67, जागांवर 60. उरलेले 2 पुढच्या परीक्षेत सुटले की प्रवेशितांवर 78. चारही आकडे बरोबर, पण मुलं टिकतात का हे प्रवेशितांवरचाच आकडा सांगतो. हजेरीची गाळणी कडक केली की परीक्षार्थींवरचा निकाल आपोआप सुधारतो. तो सुधारलेला निकाल मिरवणाऱ्या संस्थेची गळती आधी पाहावी.

फिटर_निदेशक
वरच्यात दोन गोष्टींची भर. एआयटीटी (अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा) हे नाव आयटीआयच्या आणि शिकाऊ उमेदवारीच्या अशा दोन्ही परीक्षांना वापरतात. तक्ता उचलताना तो सीटीएसचा (आयटीआय) आहे की एटीएसचा (शिकाऊ उमेदवारी) हे मथळ्यात बघा, नाहीतर एनटीसी आणि एनएसी मिसळतील. शिवाय एनटीसी घेतलेला मुलगा शिकाऊ उमेदवारी संपवून एनएसी घेतो तेव्हा प्रमाणपत्रं दोन होतात, माणूस एकच राहतो.

दुसरं, एससीव्हीटीच्या (राज्य व्यावसायिक प्रशिक्षण परिषद) तुकड्या राष्ट्रीय तक्त्यात नसतात. एखादी तुकडी एससीव्हीटीकडून एनसीव्हीटीकडे (राष्ट्रीय परिषद) संलग्न झाली की एनटीसी वाढलेली दिसते, बाकावरची मुलं तेवढीच. त्यासाठी संलग्नतेचं वर्ष असा एक रकाना ठेवा, आणि कल काढताना दोन्ही टोकांच्या वर्षांत संलग्न असलेल्याच तुकड्या घ्या.